आजोबांचं पोर्तुगीज, नातीचं मराठी

कुळागरवाली
३१ ऑगस्ट

चवथीसाठी पोर्तुगालहून गोव्याला घरी आलोय. फोंड्यापासून थोडं आत आमचं गाव, घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. ८ सप्टेंबरला मोपाहून परतीचं विमान आहे. परवा घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. इथले बरेच जण पोर्तुगालला आहेत, काही जाऊन परत आलेत, काहींची मुलं तिकडेच मोठी झालीत. तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

बाय, म्हणजे माझी मुलगी, आठ वर्षांची आहे. ती सोप्यावर बसून साताचा पाढा म्हणत होती. तिचे पाढे अर्थातच पोर्तुगीजमध्ये. सात आठला येऊन अडली. 'सेते व्हेझेश ओइतु... सेते व्हेझेश ओइतु...' असं दोनतीनदा झालं. सासरे आत सुपारी कातरत बसले होते. हातातला अडकित्ता चालूच होता, आणि आतून आवाज आला, 'सिंक्वेंता इ सैश.'

लग्नाला अकरा वर्षं झाली, बाबांच्या तोंडून पोर्तुगीज मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा जन्म १९४९ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा बारा वर्षांचे होते. सकाळी पोर्तुगीज शाळा आणि दुपारनंतर देवळाच्या अग्रशाळेत मास्तरांकडे मराठी, असं त्यांचं लहानपण. एवढं माहीत होतं. पण ते सगळं अजून तसंच आत असेल हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाय तर उडालीच. धावत आत गेली आणि आजोबांच्या पुढ्यात बसून पोर्तुगीजमध्ये सुटली. समुद्रावर लाल बावटा लागला म्हणून पाण्यात जाऊ दिलं नाही ते, मैत्रिणीचं मांजर हरवलं ते, दात पडला ते. चार वर्षांत तिने आजोबांना पहिल्यांदाच एक अख्खी गोष्ट सांगितली. मराठीत तिची गाडी 'मी जेवले', 'बरी आहे', 'शाळा छान' ह्याच्या पुढे जात नाही. बाबा ऐकत होते. दोनतीन शब्द बोललेही. मग अडकित्ता खाली ठेवला, कुळागरात पाणी बघायचं आहे म्हणाले आणि निघून गेले. भर पावसाळ्यात कुळागरात पाणी कसलं बघायचं? दिवेलागणीपर्यंत परतले नाहीत.

रात्री ह्यांना म्हणाले, 'ती भाषा मी एकसष्ट साली ठेवून दिली. नातीशी बोलायला तीच काढायची असेल तर एवढी वर्षं मराठी मी कुणासाठी जपली?'

ह्यांना उत्तर देता आलं नाही, मलाही नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही २०२१ च्या सप्टेंबरात गेलो. बाबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्या आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळवायचा तर बाबांची जन्मनोंद आधी लिस्बनच्या दप्तरात करावी लागली, त्यानंतर ह्यांची, मग बायची. बाबांनी कागदावर सही करायला तीन महिने घेतले. तेओर, म्हणजे त्यांच्या जन्मनोंदीचा दाखला, काढून आणला होता, तो देवघराच्या फळीवर पडून होता. आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. एके दिवशी आपणहून सही केली आणि कुणाशी काही बोलले नाहीत. त्या सहीवर आमचा आजचा संसार उभा आहे.

आम्ही राहतो अल्मादाला, लिस्बनच्या समोर, तेजू नदीच्या पलीकडे. सकाळी कासिल्याशहून बोट धरते आणि दहा मिनिटांत लिस्बन. पहिल्या दिवशी त्या बोटीत चढले तेव्हा पणजी-बेती फेरीची आठवण येऊन रडू कोसळलं होतं. आता महिन्याच्या ४० युरोंच्या पासात बोट, मेट्रो, बस सगळं होतं आणि मी बोटीत डुलक्या काढते. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे, तिथे एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात आहे. हे गोदामात. भाडं एका पगाराहून जास्त. थंडीत घरं आतून ओली होतात, कपाटाच्या मागे बुरशी येते. पावसाळ्यात इथे चपलांवर येते ना, अगदी तशीच, फक्त ती जानेवारीत. पण बायची शाळा चालत सात मिनिटांवर आहे, ती एकटी बागेत खेळते, आणि आजारी पडलो तर घर विकावं लागेल ही भीती नाही. हे सगळं मला मोलाचं वाटतं. उगाच रडगाणं गात नाही.

मराठी सुटलं त्यात माझा वाटा मोठा आहे. तिच्या पहिल्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, 'घरीसुद्धा पोर्तुगीज बोला, म्हणजे मुलगी लवकर रुळेल.' मी स्वतः शिक्षिका, मला कळायला हवं होतं. पण पोर वर्गात सहा महिने तोंड उघडत नव्हती, मी घाबरले आणि ऐकलं. ती रुळली. आणि माझ्या घरात मराठी फक्त आम्हा दोघांची राहिली.

दोन प्रश्न आहेत. बाबांना तिच्याशी पोर्तुगीज बोलायचा आग्रह करावा का? आणि चौथीनंतर तिथे शाळा बदलते, पाचवीपासून दुसरा टप्पा सुरू होतो. परतायचं तर त्याआधी, असं आम्ही दोघं म्हणतो. तिला आता तिसरी सुरू होईल. हातात दोन वर्षं आहेत.


पेडणेकर
३१ ऑगस्ट

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आग्रह करू नका.

आमचे आजोबा गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, ती बातमी आमच्या घरात कशी आली ते आजी शेवटपर्यंत सांगायची. त्या पिढीला पोर्तुगीज म्हणजे नुसती भाषा नव्हती. शाळेत मराठी पुस्तक सापडलं तर काय होईल हा धाक होता. तुमच्या सासऱ्यांनी ती भाषा बंद करून ठेवली तो त्यांचा स्वाभिमान आहे. सही केली हेच केवढं. आणखी किती मागणार त्यांच्याकडून?

राग मानू नका, पण पासपोर्ट घेताना ह्या गोष्टींचा विचार व्हायला हवा होता.


कुळागरवाली
३१ ऑगस्ट

पेडणेकर, राग नाही. पण विचार झाला नव्हता असं म्हणू नका. ह्यांची कंत्राटी नोकरी तीनदा गेली, खाण बंद झाल्यावर गावातले ट्रक दारात गंजत उभे होते, तेव्हा आमच्या घरात ह्याच्याशिवाय दुसरा विचार नव्हता. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. जोडीदार म्हणून अर्ज करता येतो, केलेला नाही. लिस्बनच्या विमानतळावर ती दोघं एका रांगेत आणि मी दुसऱ्या. बाय पलीकडून हात हलवत राहते. तो हात बघताना दरवेळी विचार होतो.

बाबांच्या मनाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला पटलं.


अंतरुज
१ सप्टेंबर

मी तुमच्या सासऱ्यांच्या बरोबरीचा, दोन वर्षांनी लहान. माझंही सकाळी पोर्तुगीज, दुपारी मराठी. थोडं वेगळं सांगतो.

भाषेवर राग होता हे खरं, पण तो भाषेवर कमी आणि राजवटीवर जास्त. १९७४ च्या एप्रिलात पोर्तुगालातच हुकूमशाही पडली. त्याच वर्षाअखेर, ३१ डिसेंबरला, त्यांनी करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. ज्या राजवटीने आम्हाला छळलं तिनेच त्यांच्या लोकांनाही जवळजवळ अर्धं शतक छळलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझा भाऊ ह्या पासपोर्टवर इंग्लंडला गेला, स्विंडनला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२० नंतर ती वाट बंद झाली. तो लिस्बनला फक्त कागदांपुरता गेला होता. तिथे एका म्हाताऱ्या बाईने त्याला रस्ता दाखवायला अर्धा तास घातला. घरी येऊन मला म्हणाला, 'अरे, ही माणसं तर आपल्यासारखीच.'

तुमच्या सासऱ्यांचं दुखणं मला वेगळं दिसतं. नात पोर्तुगीज बोलते ह्याचं त्यांना दुःख नसावं. आपल्याला अजून ते येतं, आणि बोलताना बरं वाटलं, हे त्यांना जड गेलं असेल. सिंक्वेंता इ सैश विचार करून नाही आलं. तोंडातून आपोआप आलं. बाराव्या वर्षी पाठ केलेलं कुठे जात नाही.

त्यांना थोडा वेळ द्या. कुळागरात जाऊ दे.


परतलेली
१ सप्टेंबर

आम्ही पोर्तुगालात सेतुबालला तीन वर्षं होतो, २०२३ ला परत आलो. दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

कागदांचं आधी. नवऱ्याचं आणि मुलाचं ओसीआय केलं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड. राहायला, शाळेला, नोकरीला अडचण नाही. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. तुमचं कुळागर आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केल्याचे कागद जपून ठेवा. आमचा त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

मुलाचं सांगते. आम्हाला वाटलं गोव्यात आलो की भाषा आपोआप येईल. आला तेव्हा दहा वर्षांचा होता. वर्गात मुलं आपसात कोकणी बोलायची, बाई इंग्रजी, आजी मराठी, आणि हा गच्चीवर जाऊन सेतुबालच्या मित्राला फोन लावून पोर्तुगीज. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. 'तुम्ही मला दोनदा हलवलं' असं एकदा म्हणाला. ते वाक्य अजून टोचतं.

आता बरा आहे. दिंडीत टाळ घेऊन उभा राहतो. पण केवळ भाषेसाठी परतू नका. परतायचं तर तुम्हा दोघांना इथे काय काम आहे ते आधी ठरवा. आईबाप घरात समाधानी नसतील तर मूल कुठल्याच भाषेत नीट बोलत नाही.


तेजूकाठ
१ सप्टेंबर

कुळागरवाली, आपण बहुतेक एकाच बोटीत असतो! नऊ वर्षं झाली मला तिथे.

शाळेतल्या बाईंनी तुम्हाला सांगितलं तेच मलाही सांगितलं होतं. ऐकलं नाही म्हणून मी शहाणी ठरत नाही, माझ्या सासूबाई आमच्याबरोबर होत्या, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. बाहेरची भाषा शाळा शिकवते, गरज पडली तर वेगळे तासही देते. घरची भाषा घराशिवाय कोण देणार?

आठ वर्षं म्हणजे उशीर झालेला नाही. मी काय करते ते सांगते. मराठी 'शिकवायला' बसले की मुलगा पळतो. म्हणून आम्ही शब्द पकडायचा खेळ केला. चावी म्हणजे शाव्ह, जनेल म्हणजे जनेला, बटाटा तर बटाटाच, पाव, घमेलं, लिलाव, पगार. त्याने फ्रिजवर यादी लावली आहे. गोव्याला गेलो तेव्हा सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू ऐकून ओरडला, 'आई, पादेइरु!' आजीला आधी कळेना, मग दोघं हसत बसली. दोन्ही घरं एकमेकांना ओळखतात असं त्याला वाटायला लागलं आणि बोलायची लाज गेली.

आणखी एक. जूनमध्ये सांतु आंतोनियुच्या सणाला रस्तोरस्ती तारल्या भाजायला घेतात, तेव्हा मांजेरिकूच्या कुंड्या विकायला येतात, बघितल्या असतील. बारीक पानांचा गोल झुबका, तुळशीच्याच गोतातला. नाक लावून वास घ्यायचा नाही. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि हात हुंगायचा, अशी तिथली रीत. मुलाने शाळेतून आणलेली कुंडी सासूबाईंनी गॅलरीत ठेवली आणि संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावला. शेजारची दोना बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक कुंडी आणून दिली. सासूबाई आता नाहीत. दिवा मुलगा लावतो.

येताना तुळशीचं बी आणा, मंजिऱ्या कागदात बांधून. उन्हाळ्यात छान येते, थंडीत घरात घ्यावी लागते.


नदीपलीकडचा
२ सप्टेंबर

मी २०१२ ला नऊ वर्षांचा असताना लिस्बनला आलो. आता बावीस. हे मी मराठीत लिहिलं आहे, चुका आईने सुधारल्या. वाक्यं छोटी आहेत कारण माझं मराठी नऊ वर्षांच्या मुलाचं आहे.

माझी आजी डिचोलीला होती. दर रविवारी फोन. मी दोन प्रश्न विचारायचो. बरी आहेस? जेवलीस? तीही दोन विचारायची. बरा आहेस? जेवलास? असं आठ वर्षं.

ती गेली. मग आई तिच्या गोष्टी सांगायला लागली. आजी लहानपणी एकदा होडीतून पडली होती. आजीने दारूबंदीसाठी गावात बायका जमवल्या होत्या. मला काहीच माहीत नव्हतं. मला विचारता आलं नसतं. माझ्याकडे ते शब्द नव्हते.

आजीला पोर्तुगीज येत असतं तर मी सगळं विचारलं असतं. कुठल्या भाषेत ते मला चाललं असतं. तुमच्या बायला आजोबा मिळाले आहेत ज्यांना तिची भाषा येते. मला हेवा वाटतो.

बायच्या आजोबांना हे वाचून दाखवाल का?


अंतरुज
२ सप्टेंबर

बाळा, तुझं मराठी उत्तम आहे. डिचोलीला आलास की आमच्याकडे ये.


पेडणेकर
२ सप्टेंबर

वरचं वाचून मी माझं मत बदलतोय असं नाही, पण दोन दिवस तेच डोक्यात आहे. माझ्या आजोबांनाही पोर्तुगीज येत होतं. आम्ही कधी विचारलंच नाही.


कुळागरवाली
४ सप्टेंबर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एकेक प्रतिसाद दोनदा वाचला.

नदीपलीकडच्या मुलाचं मी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचलं. काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

आमचा गणपती सात दिवसांचा. त्याच दिवशी संध्याकाळी विसर्जन झालं आणि काल सकाळी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची आरास, उतरवली. दरवर्षी हे काम बाबा आणि हे करतात. काल बाबांनी बायला हाक मारली. चटईवर सगळं पसरलं होतं: नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, तोरिंजन, मावळिंग, कांगणं, कवंडळ. बाबा एकेक वस्तू तिच्या हातात देत आणि नाव सांगत. ती नाव म्हणायची आणि लगेच पोर्तुगीज विचारायची. नारळाला 'कोकु' म्हणाले. मी दारात उभी होते, हातातलं काम तसंच राहिलं. तोरिंजन म्हटल्यावर ती ओरडली, 'तोरांझा!' बाबांनी मान हलवली. म्हणाले, 'बरोबर. तेच.'

मग कवंडळ हातात दिलं. लालभडक, चेंडूएवढं. तिने विचारलं, ह्याला काय म्हणतात? बाबा म्हणाले, 'कवंडळ.' पोर्तुगीजमध्ये? बाबा थोडे थांबले. 'शाळेत नाही शिकवलं. हे आमच्या रानातलं. ह्याला एकच नाव मला येतं.'

पोर्तुगीजमध्ये नाव नसलेली वस्तू जगात असू शकते हे तिला माहीतच नव्हतं. तेव्हापासून घरभर फिरतेय आणि एकेक वस्तू दाखवून विचारतेय, ह्याला आहे? ह्याला आहे? काल रात्री आळवाच्या पानावर गाडी आली होती.

दुपारी बाबांनी तिला पोर्तुगीजमध्येच काहीतरी सांगितलं, मला अर्धंच कळलं. शाळेत जाताना ओढ्यात पाटी वाहून गेली तेव्हाची गोष्ट. पण शेवटी अट घातली: एक गोष्ट माझी त्या भाषेत, तर एक पाढा तुझा मराठीत.

परतायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. 'परतलेली' ताईंचा प्रतिसाद ह्यांनी वाचला, आणि काल पहिल्यांदाच आम्ही दोघांनी कागद घेऊन इथे काय काम मिळेल ते लिहून काढलं. माझ्या नावापुढे शिकवण्या, त्यांच्या नावापुढे कुळागर, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मंजिऱ्या बांधून घेतल्यात. कवंडळ बॅगेत घालू देणार नाही म्हटलं तर बाय रडली. आजोबांनी समजूत घातली, कुठल्या भाषेत ते मी ऐकलं नाही.


तेजूकाठ
५ सप्टेंबर

थंडी पडायच्या आत बी पेरा. आणि पुढच्या आठवड्यात कासिल्याशच्या धक्क्यावर भेटू. साडेसातची बोट ना?


कुळागरवाली
२८ सप्टेंबर

साडेसातचीच. भेटलो आम्ही, इतरांसाठी सांगते.

आज रविवार. इथे सकाळचे दहा म्हणजे गोव्यात अडीच, बाबांचं जेवण होऊन वामकुक्षीची वेळ. आता ते फोनसाठी जागे राहतात. आज सातचा पाढा होता. बाय धडाधड म्हणत गेली, सात साते एकोणपन्नासला थांबली. आजोबा, पन्नास कळलं, 'एकोण' म्हणजे काय? बाबांनी सांगितलं, एक उणा. एक कमी असलेला पन्नास. तिने जरा विचार केला. मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ असं तिने स्वतःच जुळवत नेलं, आणि एकोणनव्वदच्या पुढे 'एकोणशंभर' म्हणाली.

बाबा खूप हसले. तिने पुढचं विचारलं, 'मग सात आठे?'

पलीकडून उत्तर आलं नाही. ते ती म्हणायची वाट बघत होते.

'छप्पन्न,' ती म्हणाली. 'आता तुमची गोष्ट.'